पुण्याचा डॉक्टर, त्रावणकोरची शिस्टर

निवृत्त डॉक्टर चहाला जमले की आजारांपेक्षा पेशंटांच्याच गप्पा जास्त निघतात. पन्नासच्या दशकात मी पोंभुर्ण्याच्या पुढे, जंगलातल्या एका सरकारी दवाखान्यात सहा वर्षं काढली. औषधांचं कपाट कायम अर्धं रिकामं असायचं. किस्से मात्र आपोआप साठत गेले. त्यातले बरेचसे माझ्याच फजितीचे!

*

पुण्यात डॉक्टर झालो आणि नोकरीची जाहिरात बघून थेट चांदा जिल्ह्यात जाऊन पडलो. पहिले पेशंट एक म्हातारबुवा, तळ्यावर मासे धरणारे. मी अगदी पुणेरी अदबीनं विचारलं, "काय होतंय आपल्याला?"

म्हातारबुवांनी मला काळजीनं निरखलं.

"माहं त पोट दुखून राह्यलं जी. तुमचं काय होते, ते मले काय मालूम?"

आमचे कंपाउंडर भाऊराव तिथलेच. ते तोंडाला फडकं लावून आतल्या खोलीत पळाले!

*

मिक्श्चरच्या बाटलीवर डोसाची पट्टी चिकटवून मी सांगायचो, "तीन वेळा, जेवणानंतर." आठवड्यानं एक बाई परत आली. धानाच्या बांधीत मजुरी करणारी. बाटलीत औषध उरलेलं. मी चिडलो.

"बाई, औषध पूर्ण का घेतलं नाही?"

"घेतलं न जी! दोन जेवणावर दोन डाव घेतलं. तिसरं जेवण बी तुमीच देता काय, म्हणून इचाराले आली."

सगळा व्हरांडा हसला. मला काही हसू आलं नाही. त्या दिवसापासून मी "सकाळी, दुपारी, दिवस बुडताना" असं सांगायला लागलो.

*

नर्स मरियम्मा माझ्याहूनही लांबून आलेल्या, त्रावणकोरहून. मराठीचा गंधही नव्हता. पण बाळंतिणींच्या उशाशी बसून बसून सहा महिन्यांत फडाफडा बोलायला लागल्या. एकदा नागपूरहून मोठे साहेब तपासणीला आले आणि बुटांसकट बाळंतिणीच्या खोलीत शिरू लागले. मरियम्मा दारातच आडव्या!

"काऊन जी, कुठी चाल्ले? जोडे काढा न पयले!"

साहेबांनी मुकाट्यानं बूट काढले. जाताना वहीत शेरा मारून गेले: "नर्स स्थानिक असल्याने भाषेची अडचण नाही."

*

घरची आठवण आली की मी पुण्याला बदली मागायचो. चांदा तेव्हा मध्य प्रदेशात, त्यामुळे उत्तर ठरलेलं: आपण मध्य प्रदेशचे नोकर, पुणे परराज्यात, विनंती अमान्य. मग राज्यांची फेररचना झाली. भाऊराव पेपर नाचवतच आले.

"डॉक्टरसाहेब, काम झालं! आपण बसल्या जागी मुंबई राज्यात पोचलो! आता लिहा अर्ज!"

मी कागद काढला, पेनात शाई भरली. तेवढ्यात रांगेतून हाक आली, "साहेब, लेकराले लय ताप आहे जी!" मी उठलो.

वर्षभरानं भाऊराव टेबल पुसता पुसता म्हणाले, "शाई वाळली असंल जी."

*

मरियम्मांच्या भावानं त्यांच्या गावाजवळ नोकरी बघून ठेवली आणि तो त्यांना न्यायलाच आला. एकटी मुलगी इतक्या लांब जंगलात, तिकडे आईचा जीव लागत नव्हता. त्याचं तरी काय चुकलं? मरियम्मांनी राजीनामा माझ्या टेबलावर ठेवला, तोंड फिरवून. सकाळच्या मोटारीसाठी दोघं दवाखान्यासमोर उभी राहिली. मध्ये हिरवी ट्रंक.

तेवढ्यात गावातली सगुणाबाई आली. तिच्या सुनेचे दिवस भरत आले होते. पहिलं मूल गेलेलं. यंदा सगळा भरवसा शिस्टरबाईवर.

"हे कोण जी?"

"शिस्टरबाईंचे भाऊ," मी म्हटलं. "त्यांना घरी न्यायला आलेत."

"मंग इथी काऊन उभे? घर त तिकडं आहे!"

असं म्हणून तिनं ट्रंक उचलून डोक्यावर ठेवली आणि नर्स क्वार्टरच्या दिशेनं तरातरा निघाली. मरियम्मांनी भावाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्या ट्रंकेमागं चालू लागल्या.

मोटार येऊन हॉर्न वाजवत होती. भाऊ गोंधळून मला इंग्रजीत विचारू लागला, "ती बाई काय म्हणाली?"

मी म्हटलं, "काही नाही. पत्ता सांगितला."