सुट्या नाण्यांचे भिंगकाका

भिंगकाकांचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्या नावाने हाक मारली असती तर त्यांनीही वळून पाहिलं नसतं. छापखाना आणि किल्ल्या बनवणाऱ्याची टपरी यांच्यामधे त्यांचं चिंचोळं दुकान होतं, जुन्या चांदीच्या नाण्यांचं. आत दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं, आणि तिसरं फारसं कधी येतही नसे.

नवशिक्यांचा प्रश्न ठरलेला. "काका, ते प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद, ग्रेड केलेलं नाणं मिळतं, ते घेऊ की सुटं?" म्हणजे तज्ज्ञांनी तपासून, दर्जाचा आकडा देऊन बंद केलेलं नाणं. किंमत अर्थातच चढी. हा प्रश्न ऐकला की भिंगकाकांचं डोकं सटकायचं. "डबी जमवायचीय की नाणी? डबीच हवी असेल तर समोर भांड्यांचं दुकान आहे!" असं म्हणत ते एखादं सुटं नाणं काढून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. "कडेने धरा. उजेडात फिरवा. फसा, चुका, पण डोळा तयार होऊ द्या. दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघून कुणी संग्राहक झालंय का?" मागे विणत बसलेल्या त्यांच्या बायकोला हे भाषण इतकं पाठ होतं, की पुढचं वाक्य ती आधीच पुटपुटायची.

अलीकडे मात्र ते भाषण त्यांना जड जायला लागलं होतं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते, पडद्याचा आजार आहे, गेलेलं परत यायचं नाही. कडेचं दिसेल, मधलं दिसणार नाही. जिथे बघावं नेमकं तिथेच धूसर. नाण्यावरचा चेहरा मान तिरकी करून ओळखू यायचा, वजन हाताला कळायचं, नाद कानाला. तेवढ्यावर ते वेळ मारून नेत होते. बायको एकदा म्हणाली, "लोकांना सांगून टाका की आता." ते म्हणाले, "सांगितलं तर दुकानात उरलं काय? कपाट आणि मी." तिने पुन्हा विषय काढला नाही. दोघंही दमली होती. कपाट पुसायचं, कुलूप काढायचं, कुलूप लावायचं, याचाही शीण यायचा.

अशात दातांची डॉक्टरीण आली. तिला हा छंद नुकताच लागला होता. मागच्या खेपेला ती सीलबंद नाणं घ्यायच्या विचारात होती, पण भाषण ऐकून तिने भिंगकाकांच्या शब्दावर एक महागाचं सुटं नाणं नेलं होतं. आज ती खुशीत होती. ते नाणं त्यांच्या हातात ठेवत म्हणाली,

"काका, दवाखान्यातल्या दिव्याखाली बघितलं हो तुमचं नाणं. काय चमकतं! आणि त्यावर सगळीकडे एकाच दिशेने बारीक बारीक चरे आहेत, दात पॉलिश केल्यावर दिसतात ना, तसे. तशी पाडायची पद्धत होती का पूर्वी?"

भिंगकाकांच्या लगेच ध्यानात आलं. कुणीतरी ते नाणं चकचकीत दिसावं म्हणून घासून ठेवलं होतं. चांदी खरी, वजन बरोबर, नाद चोख. पण हौशी माणसाच्या लेखी घासलेल्या नाण्याची किंमत धुळीला मिळते. पूर्वी असलं नाणं त्यांनी दारातूनच परत पाठवलं असतं. आता नुसतं "हो" म्हटलं तरी भागणार होतं. डॉक्टरणीने विश्वास ठेवला असता. मागे बायकोच्या सुया थांबल्या. खरं सांगायचं तर त्यांना लाज वाटण्याआधी कंटाळा आला. आणखी किती दिवस हे रेटायचं?

"पद्धत नाही हो, डॉक्टर. घासलेलं आहे ते. खराब नाणं दिलं मी तुम्हाला."

"होतं असं एखाद्या वेळी," ती सहज म्हणाली. "दुसरं निवडून द्या. तुम्ही आहात बघायला, म्हणून तर मी डबीच्या भानगडीत पडले नाही."

"मी नाहीये आता बघायला." त्यांनी नाणं चाचपून कपाटावर ठेवलं. "डोळे गेलेत माझे. मधलं काही दिसत नाही."

मग भिंगकाका पुढे बोलले, सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवावा तसे. "नुसती चांदी म्हणून साधी नाणी साठवायची असतील तर डबीवर पैसे घालवू नका. पण दर्जावर भाव ठरतो अशी महागाची नाणी, तुमचा डोळा तयार होईपर्यंत, सीलबंदच घ्या. तीही नाव असलेल्या संस्थेचीच. नकली डब्याही निघतात."

"तुम्ही तर उलटं सांगत होता."

"तेव्हा डोळे होते. पण ते माझे होते, तुमचे नव्हे. तुम्ही सगळे माझ्याच डोळ्यांनी बघत होता, आणि मी आपला भाषण ठोकत होतो."

एका जुन्या संग्रहाबरोबर आलेली काही सीलबंद नाणी त्यांनी रागाने खालच्या खणात टाकून दिली होती. बायकोने न सांगता तो खण उघडला. बदल्यात द्यायला त्यातली एक डबी त्यांनी डॉक्टरणीपुढे केली.

"वर आकडा असेल. वाचा."

"त्रेसष्ट."

"सत्तरपैकी असतो तो आकडा. चांगलं आहे. घ्या."

डॉक्टरणीने डबी उलटसुलट फिरवली. मग सवयीने विचारून गेली, "तुम्ही एकदा बघता का?"

"नको," भिंगकाका म्हणाले. "त्यांनी बघितलंय."