होल्यांचा ताबा

सरळ चाललेली गोष्ट कागदावर आणून अडवून ठेवण्यात माझ्या सासऱ्यांचा हात धरणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात झाला नसेल. जमीन मोजणीच्या खात्यातून ते निवृत्त झाले, खातं मात्र त्यांच्यातून शेवटपर्यंत निवृत्त झालं नाही. घरात काहीही घडो, आधी पंचनामा. गारखेड्यातल्या त्यांच्या अंगणात शेजारच्या शेवग्याची फांदी आली, पंचनामा. मांजरानं दुधात तोंड घातलं, पंचनामा. आमच्या लग्नात मेव्हणीनं माझे बूट लपवले, तेव्हा वऱ्हाड जेवायला खोळंबलेलं असताना हे गृहस्थ चतुःसीमा लिहून घेत होते: पूर्वेस आचाऱ्याची चूल, पश्चिमेस नवरदेव, अनवाणी. दोन पंचांच्या सह्या होईपर्यंत मी तापल्या फरशीवर तसाच उभा होतो.

पण त्या उन्हाळ्यात त्यांनी हद्द केली. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, मुलगी पंधरा दिवसांची, आणि दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसावा असं ऊन. मी खुलताबादला नोकरीला, शनिवारी यायचो. अशा एका शनिवारी कूलरचं गवत बदलायला शहागंजचे चाचा आले. त्यांनी मागची जाळी काढली, तर आत पंपाच्या डोक्यावर होल्यांची जोडी संसार थाटून बसलेली. होला हा पक्षी बांधकामात भलताच आळशी. इन मिन आठ-दहा काड्या, त्यावर दोन पांढरी अंडी. मी म्हणालो, उचलून कठड्यावर ठेवू, त्यात काय एवढं. चाचांनी हात मागे घेतला आणि सासऱ्यांकडे पाहिलं. ते कागद घेऊन आलेच होते.

"जावईबापू, ताबा त्यांचाय," ते म्हणाले. "आता बसलेल्याला उठवता येत नाय."

"साहब बराबर बोल रहे," चाचा म्हणाले. "अंडे हिलाए तो मादा पलट के नै आती."

मग रीतसर पंचनामा झाला. 'अंडी दोन. कब्जेदार हजर, जबाब देण्यास नकार.' चाचा आणि मी पंच. जाळी पुन्हा लागली आणि पिल्लं उडेपर्यंत कूलर बंद. बाळंतिणीच्या खोलीला दुसरी खिडकी नव्हती, त्यामुळे दुसरा कूलर आणूनही लावणार कुठं? छताचा पंखा वरची गरम हवा तेवढी खाली ढकलायचा. सासऱ्यांनी दाराला ओल्या चादरी बांधल्या आणि वाळ्याचा पंखा पाण्यात बुडवून बारापासून चारपर्यंत पाळण्याशी बसायचं ठरवलं. रोज. एक हात दुखला की दुसरा. मधूनच उठून कूलरमध्ये डोकावायचे आणि परत येऊन बसायचे. त्या डोकावण्यानंच माझं डोकं फिरायचं.

तिसऱ्या शनिवारी आलो, तर मुलीच्या मानेवर घामोळ्यांची लाल चादर. ती रडून रडून थकलेली. मी भरल्या घरात म्हणालो, "मामा, तुम्हाला नातीपेक्षा पाखरं जवळची आहेत." त्यांनी पंख्याचा हात तेवढा बदलला. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

पुढं पिल्लं उडाली. ताबा परत मिळाल्याचा दुसरा पंचनामा त्यांनी पुढ्यात धरला, तेव्हा मी इतका वैतागलेलो होतो की न वाचता सही ठोकली आणि जाऊन कूलर सुरू केला. बोलणं हळूहळू सुरू झालं. त्या दुपारचा विषय मात्र दोघांनीही कधी काढला नाही.

मागच्या वर्षी ते गेले. त्यांची पेटी आवरताना कागदांचा गठ्ठा निघाला. बुटांचा पंचनामा वाचून बायको आणि मी पोटभर हसलो. त्याच्याच खाली तो दुसरा होता. त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'पक्षी स्वखुशीने गेले. दरवर्षी फाल्गुनात कूलर उघडतो, यंदा मुलीच्या दवाखान्याच्या धावपळीत राहिला. त्यामुळे नातीला त्रास झाला. दोष माझा. जावयांचा राग रास्त आहे.'

खाली पंच म्हणून माझी सही आहे. तेव्हा वाचून केली असती, तर शेवटची दोन वाक्यं मी त्यांना खोडायला लावली असती.