अकराव्या किलोमीटरवर माहेर

शर्यतीचा मार्ग वर्तमानपत्रात छापून आला त्या दिवशी मी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये चहा पीत होते. बोट ठेवून एकेक नाव वाचत गेले. गंगापूर रोडवरच्या मैदानातून सुरुवात, मग नदीचा पूल, मखमलाबाद, पुढे दरी आणि मातोरीच्या अलीकडे माझं बोट थांबलं. एकवीस किलोमीटरची ती अर्धमॅरेथॉन थेट माझ्या माहेरच्या गावातून जाणार होती.

दोन हजार सहा-सात साल असावं. मी सातपूरच्या एका कारखान्यात प्लॅनिंगला होते. कुठल्या मशीनवर कुठला जॉब कधी चढेल आणि कधी उतरेल, याचे तक्ते करायचे हे माझं काम. पळायला लागून दीड वर्ष झालं होतं. आमच्या बिल्डिंगमध्ये तोफखान्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार राहायचे. ते रोज पहाटे पळायला जायचे. बाळंतपणानंतर वाढलेलं वजन उतरवायला म्हणून मी त्यांच्या मागे मागे जाऊ लागले, आणि वजन उतरल्यावरही थांबले नाही.

पळणं मला नवं नव्हतं. नववीत असताना मी तालुक्याच्या स्पर्धेत आठशे मीटरला पहिली आले होते. जिल्ह्याला जायची वेळ आली तेव्हा नाना, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "आता पुरे झालं. पोरीच्या जातीला चड्डी घालून पळणं शोभत नाय." मी रडले नाही की भांडले नाही. तो शब्द मात्र आत कुठेतरी घट्ट बसला. पुढे बी.कॉम. झालं, लग्न झालं, मुलगा झाला. नानांशी बोलणं, सणावाराला जाणं, सगळं रीतसर चालू होतं. पण मी पळते, हे मी माहेरी कधी सांगितलं नाही. माहेरी जायचं ते साडी नेसूनच.

सुभेदारांनी मला आराखडा करून दिला होता आणि मी त्याचा ऑफिसमध्ये करते तसा तक्ता केला. सहाला सुरुवात. पहिले पाच किलोमीटर जपून. दोन तास वीस मिनिटांत शेवट. त्या तक्त्यात एक ओळ माझी स्वतःची होती, ती सुभेदारांना दाखवली नव्हती. सव्वासातच्या सुमारास गाव लागेल. तेव्हा टोपी डोळ्यांवर ओढायची, रस्त्याच्या डाव्या बाजूने जायचं आणि कुणाकडे न बघता शाळेपासून स्मशानभूमीपर्यंतचा पट्टा सगळ्यात वेगात मारायचा. एवढ्या थंडीत त्या वेळी पारावर कुणी नसतं. ट्रॅकपॅंट आणि टी-शर्टातली बाई कोण होती, हे कुणाच्या लक्षात यायच्या आत मी पार झालेली असेन.

पहिला घोळ सुरुवातीलाच झाला. झेंडा दाखवणारे पाहुणे आले नव्हते. आम्ही शेकडो माणसं थंडीत उड्या मारत उभी. पाहुणे आले, मग सत्कार झाले, मग भाषण झालं. शर्यत सुटली तेव्हा सात वाजायला दहा मिनिटं कमी होती. सुभेदार माझ्या शेजारीच होते. ते म्हणाले, "मॅडम, उशीर झाला तो झाला. तो भरून काढायच्या भानगडीत पडू नका."

मी नेमकी त्याच भानगडीत पडले. सव्वासात तर हुकलेच होते, पण निदान आठच्या आत गाव ओलांडावं म्हणून सुटल्यापासून गर्दीबरोबर धावले. सुभेदार मागे राहिले. नदीचा पूल कधी गेला कळलं नाही. मखमलाबादच्या चढावर दम लागला, तरी वेग कमी केला नाही. एका टेबलावर कुणीतरी गोड, गार सरबत दिलं, तेही घटाघटा प्यायले. मग पोटात कळ आली. आठव्या किलोमीटरला चालू लागले, पुन्हा पळाले, पुन्हा चालले. दरीच्या पुढे, द्राक्षाच्या बागा दोन्ही बाजूंना सुरू होतात तिथे, उजव्या पोटरीत असा गोळा आला की मी रस्त्याच्या कडेला अक्षरशः कोसळले.

ऊन चांगलंच वर आलं होतं. माणसं पुढे जात होती. एकदोघांनी विचारलं, मी हातानेच "जा" म्हटलं. मोटारसायकलवरचा एक स्वयंसेवक थांबून म्हणाला, "ताई, मागून टेम्पो येतोय, त्यात बसा." आणि तो पुढे निघून गेला. मी पाय धरून बसून राहिले. सुभेदारही आले, थांबले, आणि मीच त्यांना हट्टाने पुढे घालवलं. तक्त्यातलं आता काहीच उरलं नव्हतं. खरं सांगायचं तर टेम्पोची कल्पना मला वाईट वाटली नाही. टेम्पोत बसलं की गाव आपोआप पार झालं असतं.

तेवढ्यात समोरून एक माणूस येताना दिसला. सगळे एका दिशेने जात होते आणि तो एकटा उलटा येत होता. पांढरी टोपी, धोतर, खांद्यावर टॉवेल, हातात पाण्याने भरलेला स्टीलचा डबा. पळणारी प्रत्येक बाई जवळ आली की तो थांबून तिच्या तोंडाकडे बघायचा आणि पुढे चालायचा. ते नाना होते.

मी टोपी खाली ओढली. हे लिहितानाही लाज वाटते, पण मी खरोखरच टोपी खाली ओढली. काही उपयोग झाला नाही. ते सरळ माझ्यापाशी येऊन उभे राहिले.

"लागलं का कुठं?"

"गोळा आलाय पोटरीत. तुम्ही इथे कसे?"

"जावईबापूंचा फोन आला व्हता काल. म्हणले, नाना, सातला तुमच्या मळ्यावरून जाईल, बघा. मी साडेसहापासून बांधावर उभा. सात झाले, साडेसात झाले. मग एक गाडीवाला म्हणला, मागं एक बाई पडलीय. म्हणलं, आपलीच असंल."

आपलीच असंल! मला एकदम राग आला, नवऱ्याचा, नानांचा, सगळ्यांचाच. पण काही बोलायच्या आत नाना धोतर सावरून डांबरावर बसले आणि त्यांनी माझा पाय उचलून मांडीवर घेतला.

"नाना, अहो, लोक बघताहेत."

"बघू दे. बूट काढ."

एका हाताने त्यांनी पायाची बोटं मागे वळवली आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पोटरी दाबत राहिले. लहानपणी बाभळीचा काटा रुतला की ते असाच पाय मांडीवर घ्यायचे. त्यानंतर वीसेक वर्षांत त्यांनी माझ्या पायाला हात लावला नव्हता. अंगठा तसाच होता, खरखरीत आणि जोरकस. हळूहळू गोळा सुटला. डब्यातलं पाणी मी निम्मं प्यायले.

"चल घरी. पोराला मोटारसायकल घेऊन बोलावतो," ते म्हणाले. पोरगा म्हणजे माझा धाकटा भाऊ.

"नको. मी चालत जाते."

"अजून किती हाय?"

"अकरा-बारा किलोमीटर."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, पुरे झालं. ते म्हणाले, "मग बसून नको राहू. पाय आखडंल."

आम्ही चालू लागलो. ते पुढे, मी मागे लंगडत. थोड्या वेळाने त्यांनी वेग कमी केला आणि आम्ही बरोबरीने चालू लागलो. द्राक्षांवर यंदा भुरीचा रोग जास्त आहे, आईचे गुडघे दुखतात, असं काहीबाही ते सांगत होते. गावाची शाळा दिसू लागली. त्याच शाळेच्या मैदानावर मी पळायला शिकले होते. मी थांबले आणि न राहवून विचारलं.

"नाना, तुम्ही मला जिल्ह्याला पाठवलं नव्हतं. नववीत. आठवतं?"

"कुठं जिल्ह्याला?"

"पळायला. मी तालुक्यात पहिली आले होते. तुम्ही म्हणालात, पोरीच्या जातीला शोभत नाही."

ते बरंच अंतर चालले. आठवायचा खरोखर प्रयत्न करत होते, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

"नाय आठवत," ते शेवटी म्हणाले. "म्हणलो असंल. तवा असंच म्हणायचो आम्ही."

बस्स, एवढंच. मी ज्याचं ओझं इतकी वर्षं वागवलं, ते त्यांच्याकडे नव्हतंच. ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्यासाठी ती एक संध्याकाळ होती, बहुतेक भाजी बाजारात न्यायच्या घाईची. माझ्यासाठी मात्र ती एवढी मोठी होती की तिच्यापासून लपायला मी तक्त्यात वेगळी ओळ लिहिली होती. मला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी हलकंही वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटू शकतं, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही.

मग गाव आलं. साडेआठ वाजून गेले होते, म्हणजे डेअरीवर दूध घालून माणसं पारावर टेकायची वेळ. सगळं गाव तिथे होतं म्हटलं तरी चालेल. आणि मी छातीवर नंबर लावून, घामाने भिजून, एक पाय ओढत, मुंगीच्या चालीने त्यांच्यासमोरून निघाले होते. टोपी कधी काढून हातात घेतली, आठवत नाही. ऊन होतं, तरी काढली होती.

हातात दुधाची रिकामी किटली घेतलेले एक म्हातारे उठून पुढे आले. "नाना, कोन हाय ही?"

"थोरली माझी."

"काय झालं तिला?"

"काय नाय. एकवीस किलोमीटर पळती ती."

"कशापायी?"

नाना माझ्याकडे वळले. "तिलाच इचारा."

सगळा पार माझ्याकडे बघत होता. सुभेदार असते तर तंदुरुस्तीवर बोलले असते. जे खरं होतं तेच तोंडातून आलं. "पळल्यावर बरं वाटतं, बाबा."

म्हाताऱ्यांनी मान डोलावली. "मग बरं हाय," म्हणाले आणि पुन्हा जाऊन बसले. झालं. आभाळ कोसळलं नाही. एका बाईने दारातून विचारलं, चहा टाकू का. मी हातानेच नको म्हटलं. कुणीतरी म्हणालं, आता उतारच हाय पुढं, सोपं जाईल. स्मशानभूमीपर्यंत नाना माझ्याबरोबर चालले.

तिथे थांबून त्यांनी घड्याळ बघितलं. "साडेनवाला लाईट जाईल. फ्लॉवरला पाणी सोडायचंय. मी जातो."

"जा," मी म्हटलं.

ते वळले आणि झपाझप चालू लागले. मी पळायला सुरुवात केली. पळणं कसलं ते, पण चालण्यापेक्षा थोडं बरं होतं. मनगटावरच्या घड्याळात मी मुद्दाम पाहिलं नाही. गंगापूर गावापाशी तो टेम्पो मागून आला. ड्रायव्हरने खुणेने विचारलं, मी मान हलवली. मग तो माझ्यामागे हळूहळू येत राहिला, कारण माझ्यामागे दुसरं कुणी नव्हतंच.

मैदानात पोचले तेव्हा कमान उतरवत होते. पदकं संपली होती. सुभेदार मात्र उभे होते, बाजूला माझा नवरा आणि त्याच्या खांद्यावर मुलगा.

"तीन तास चोवीस मिनिटं," सुभेदार म्हणाले. ते बोलतील याची वाट बघत मी उभी राहिले. त्यांनी माझ्या बुटांकडे बघितलं. "पोटरीचं काय झालं?"

"सुटली. वडिलांनी चोळून दिली."

"चांगलं केलं," ते म्हणाले आणि केळं पुढे केलं.

पुढल्या वर्षी मी तीच शर्यत दोन तास सतरा मिनिटांत पूर्ण केली. सगळं ठरल्याप्रमाणे झालं. त्या दिवसाचं मला आज फारसं काही आठवत नाही.

पण पहिल्या शर्यतीच्या संध्याकाळी आईचा फोन आला होता. ती म्हणाली, "आज दिवसभर सांगत बसलेत येईल त्याला. फ्लॉवरचं पाणी अर्धंच राहिलं." मग तिने रिसीव्हर नानांकडे दिला. त्यांना फोनवर बोलायची सवय नव्हती, ते ओरडूनच बोलायचे.

"पोचली का शेवटपर्यंत?"

"पोचले, नाना."

"पाय?"

"दुखतोय."

"शेकून घे." आणि मग, "त्या लोकांनी चहा तरी दिला का गं?"

"नाही हो. संपला होता."

"हां," ते म्हणाले. "इथंच प्यायचा व्हता."