बातमीत नसलेली बाटली

आमच्या प्रशिक्षकाला आम्ही बातमीदार पाठीमागे खोडरबर म्हणायचो. तीस वर्षं बातमीदारी करून निवृत्त झालेला माणूस. गपगुमान घरी बसावं, तर शेतात मुलांना होणाऱ्या अपघातांच्या बातम्या कशा लिहायच्या हे शिकवत गावोगाव हिंडायचा. आमची बातमी हातात घेतली की आधी ‘खेळता खेळता’ एवढं खोडायचा. खेळता खेळता ट्रॅक्टरखाली, खेळता खेळता शेततळ्यात. पोर खेळणारच, ट्रॅक्टर कोण चालवत होतं ते लिहा, म्हणायचा. मला त्याचा राग यायचा. पाचला पान लावायला घेतात, तिथे एवढ्या चौकश्या करायला सवड कुणाला आहे?

शेवटच्या दिवशी त्याने सहा वर्षांपूर्वीचं, पिवळं पडलेलं एक कात्रण फिरवलं. चारच ओळी. चार वर्षांच्या मुलीचा खेळता खेळता विषबाधेने मृत्यू, परिसरात हळहळ. यात काय राहिलंय ते सांगा, म्हणाला. मी म्हटलं, सगळंच राहिलंय. विष कसलं, पोरीच्या हाती लागलं कसं? लिहिणाऱ्याला तेव्हाच घरी पाठवायला हवं होतं. सगळे हसले.

“मीच लिहिलीय,” तो म्हणाला. “माझी भाची होती.”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

मग त्याने सांगितलं. फवारणीच्या विषाचा डबा जड, म्हणून त्याच्या बहिणीने थोडं विष सरबताच्या रिकाम्या बाटलीत काढून ओट्याखाली ठेवलं होतं. पोरीला वाटलं सरबत. हा मामा धावत पोचला, तेव्हा सासरची माणसं बहिणीला बोल लावायला टपलेलीच होती. त्याने बहिणीला गप्प राहायला सांगितलं आणि बातमीतून बाटली काढून टाकली. अकरा महिन्यांनी, दोन घरं पलीकडे, एक मुलगा तशाच बाटलीतलं तसंच विष प्यायला. तोही गेला.

हे चारचौघांत सांगू का, असं तो बहिणीला दरवर्षी विचारायचा. ती हो म्हणायची नाही, नाही म्हणायची नाही. यंदा म्हणाली, मीच येते. शेवटच्या खुर्चीवर बसलेली बाई ती होती. मला इतका वेळ ती कार्यालयातली वाटली होती. ती उठली, तसा तो खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. सहा वर्षं तिच्या एका शब्दासाठी हा माणूस झुरत होता, हे कुणी सांगायची गरजच नव्हती.

तिने आमच्याकडे पाहिलंही नाही.

“दादा, तुझी बातमी त्या पोराच्या आईने वाचली होती,” ती म्हणाली. “माझ्या गळ्यात पडून रडली आणि घरी गेली. तिच्या ओट्याखाली तशीच बाटली होती. मला तोंड उघडता आलं नाही. तू नको म्हणाला होतास.”

“तुझ्यासाठी केलं गं मी,” तो म्हणाला.

“ठाऊक आहे. म्हणून तर तुझ्यावर रागावता येत नाही. आणि माफ तरी कशी करू? ते पोर माझं नव्हतं.”