ठमीचं पहिलं पान

आमची ठमी, म्हणजे माझी भाची, दिवसभर वाचनालयात नोकरी करते आणि घरी आली की फुकटात दुसरी नोकरी करते. वाचनालयांसाठी एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. कुठली कुठली माणसं मिळून ते बनवतात, कुणीही फुकट वापरावं. ठमीला त्यातल्या कोडमधलं ओ की ठो कळत नाही. ते वापरायचं कसं, एवढं ती लिहिते. पायरी एक, पायरी दोन. नवा माणूस सगळ्यात आधी उघडतो ते 'सुरुवात इथून करा' हे पान ठमीचं. लग्नाच्या अल्बमपेक्षा जास्त वेळा दाखवलंय मला.

पान तपासायची तिची रीत अशी, की ज्याला काही येत नाही त्याला समोर बसवायचं आणि आपण तोंड मिटून बघायचं. दोन वर्षं तो मान माझा. माझ्याएवढं न येणारं माणूस तिला मिळालंच नव्हतं.

मग उगवली खारूताई. खरं नाव कुणास ठाऊक, फोटोच्या जागी खारीचं चित्र. तिनं तेच पान नव्यानं लिहून पाठवलं आणि खाली लोकांनी पसंतीचे बदाम टाकले.

"अकरा बदाम, मावशी! मला दोन वर्षांत चार. त्यातला एक माझाच."

"आवडलं असेल गं लोकांना."

"तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

नव्या आवृत्तीत दोघींपैकी एकीचंच पान जाणार होतं. आणि खारूताईचं तपासायचं काम कुणाकडे? ठमीकडे. बोक्याकडे दुधाची राखण!

शनिवारी तिनं खारूताईचं पान उघडून मला लॅपटॉपपुढे बसवलं. स्वयंपाकघरात नळवाला सिंकखाली आडवा पडला होता.

"अडखळलीस की सांग."

"मुद्दाम अडखळू?"

"छे! आपोआप अडखळ ना."

मी मेली सरसर शेवटपर्यंत गेले. ठमीचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

"तुला सगळं पाठ झालंय. तू बाद!" म्हणाली, आणि नळवाल्याला हात पुसून आणून बसवलं.

खारूताईच्या पानावरून त्यानं पाच मिनिटांत पुस्तक नोंदवलं. मग ठमीनं छाती पुढे काढून आपलं पान उघडलं. चौथ्या पायरीवर गडी थांबला.

"ताई, बटण दबतच नाही."

ठमी माझ्याकडे वळली. "तू इथं काय करतेस?"

"वर कोपऱ्यात वाचनालयाची शाखा निवडते."

"हे पानावर कुठंय?"

"नाहीये. पहिल्या दिवशी तूच नाही का कानात सांगितलंस?"

तोंड मिटून बसायचा नियम बाईसाहेबांचा, आणि मोडला पण बाईसाहेबांनीच!

नळवाला म्हणाला, "त्या खारीनं लिहिलंय बघा. आधी शाखा निवडा, नाहीतर बटण दबणार नाही, तुमचं काही चुकलेलं नाही."

ठमीनं खारूताईचं पान पुन्हा उघडलं. मग टाइप केलं, 'हे पान घ्यावं. माझं काढावं.' आणि बारावा बदाम दाबला, ढेकूण चिरडावा तसा.

"दादा," ती नळवाल्याला म्हणाली, "पुढच्या शनिवारी याल? पुस्तक परत घ्यायचं पान आहे माझं."

"का, नळ गळतोय अजून?"

"गळेल."

आणि मी? दोन वर्षांची हक्काची अडाणी, एका दुपारीत शहाणी ठरवून घरी बसवली. वर तो नळवाला लाडानं म्हणतो, "मावशी, पक्कड देता जरा?"

म्हटलं, घे तुझी तू.