तक्त्याऐवजी बांगडा

"टेबल पुसा. साबणाने. मुलांच्या देखत पुसा."

पाठ तपासायला आलेल्या आमच्या मॅडम मागच्या बाकावरून उठून पुढे आल्या होत्या. नाकाला रुमाल. माझा पाठ अर्धाच झाला होता. चौथीची पोरं हसायला लागली आणि मी फडकं शोधत वर्गभर फिरले.

काय गुन्हा केला होता मी? चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीत मी अंधेरीला डी.एड. करत होते. सरावपाठ घ्यायला आम्ही जोगेश्वरीच्या एका शाळेत जायचो. माझ्या वाट्याला माशांचा धडा आला. बाकीच्या मुली दुकानातून तक्ता आणायच्या. मी वेसाव्याची, कोळ्याची पोर. घरात मासा असताना तक्ता कशाला? आईच्या पाटीतला ताजा बांगडा घेऊन गेले. कल्ले उघडून दाखवले. पोरं बाकं सोडून टेबलाभोवती गोळा झाली. एकीने विचारलं, "बाई, तोंडातून आत गेलेलं पाणी कुठून बाहेर येतं?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोवर मॅडम.

"हा वर्ग आहे. तुमचा मासळीबाजार नाही."

ते 'तुमचा' अजून सलतं.

नंतर चर्चा. आमच्या कॉलेजात पद्धतच होती, पाठ झाला की एकेकीने उभं राहून दोष सांगायचे. जितके दोष काढाल तितक्या तुम्ही हुशार. एक म्हणाली वास. दुसरी म्हणाली शिस्त. तिसरी म्हणाली, पुन्हा वास. त्या पोरीच्या प्रश्नाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मी मान खाली घालून ऐकत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी आई पाटी उतरवत म्हणाली, "कल्ले दावलंस पोरांना? बाई काय बोलली गो?"

"छान म्हणाल्या."

आई इतकी खूश झाली! मी मोरीत जाऊन रडले. वास नव्हता तरी हात घासत राहिले.

पुढच्या आठवड्यात दहिसरच्या एका मुलीचा पाठ होता. अपूर्णांक. बिचारी घाबरली होती. चर्चेला मॅडमनी मलाच उठवलं. "सांगा दोष."

मी म्हटलं, "हिने भाकरी मोडून दाखवली तोवर सगळ्या पोरांना कळत होतं. फळ्यावर आकडे आले आणि मागची पोरं गप्प झाली. तिथे अजून एक भाकरी मोडायला हवी होती."

"मी दोष विचारले."

"दोष नाही सांगणार, मॅडम. पोरं कुठे अडली ते सांगितलं. माझ्या वेळी पोरांकडे कुणी बघितलंच नाही. सगळे माझी जात हुंगत बसले होते."

बोलून झालं तरी मी बसले नाही.

पाठांच्या गुणांत मला काठावर ठेवलं. मैत्रिणींना नोकऱ्या लागल्या, मी घरी. आई आणखी काही वर्षं पाटी घेऊन दारोदार फिरली. तिचे गुडघे गेले त्यात. हे दुःख जात नाही, आणि जाऊही नये.

उशिरा का होईना नोकरी लागली, आता मी शाळेत आहे. नव्या बाईच्या वर्गात मागे बसायची पाळी माझ्यावर येते. मी पोरांकडे बघते. बोलायचं ते नंतर, दार लोटून, आणि तिला उद्या करता येईल असंच. पोरांदेखत कुणी तिचा पाणउतारा करायला तोंड उघडलं, तर मी मध्ये उभी राहणार. साहेब असो नाहीतर साहेबाचा बाप.