आत्याचा खुंट्यांचा पट

वसतिगृहाच्या दारात चुलतभाऊ उभा दिसला, तेव्हाच मी समजले. आत्या गेली... त्याला आता महिना होऊन गेला. मला असं काही लिहायची सवय नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. तरी तिच्याबद्दल लिहावंसं वाटतं.

आत्या मुरुडला राहायची. आतोबा लवकर गेले, मूलबाळ नव्हतं, म्हणून माझी शाळा तिच्याकडेच झाली. दुष्काळात सुताराकडे बैलगाड्यांचं काम उरलं नव्हतं, तेव्हा उदगीरच्या जत्रेत पाहिलेला खुंट्यांचा पट आत्यानं त्याच्याकडून बाभळीच्या तुकड्यातून करून घेतला. एका खुंटीनं शेजारच्या खुंटीवरून पलीकडच्या रिकाम्या भोकात उडी मारायची, ओलांडलेली काढून घ्यायची. पुढचे नियम कुणालाच ठाऊक नव्हते, म्हणून आम्ही आळीपाळीनं खेळायचो. जिची उडी अडेल ती हरली. टँकरची वाट पाहत, घागरींच्या रांगेशेजारी, कडुलिंबाखाली आमचा डाव रंगायचा. शेजारच्या गंगाबाई ओरडायच्या, "अगं, टँकर आला की! पानी भरता का खुंट्या चावता?" आत्या मान वर न करता म्हणायची, "थांब गं, हिला हरवायलेय."

पुढं लातूर जिल्हा झाला, नव्या कचेऱ्यांच्या पाट्या लागल्या आणि मी तिथं कॉलेजात आले. एका मैत्रिणीकडे तसाच पट दिसला. ती म्हणाली, हा एकट्यानं खेळायचा खेळ. शेवटी एकच खुंटी मधोमध उरली पाहिजे. मला हायसं वाटलं. आत्याला एकटीला सोडून आल्याची बोच मनात होती... आता तिला माझ्यावाचून खेळता येईल. सुट्टीत जाऊन सांगितलं, तर ती हसायलाच लागली. "एकटीनंच? मंग भांडायचं कुनासंगं? न्हाई बाई, तुमच्या लातूरचा खेळ तुम्हालाच लखलाभ." बोच तशीच राहिली.

गेल्या आठवड्यात तिचं घर आवरायला गेले. फडताळातून पट काढला, तोच गंगाबाई आल्या आणि न विचारता समोर बसल्या.

"तू गेल्यापासून रोज दुपारी मीच व्हते की," त्या म्हणाल्या. "लई रडीचा डाव तुझ्या आत्याचा. अडली की म्हनायची, च्या ठिवते. अन् येताना काढलेली खुंटी गुमान परत लावायची!"

रोज दुपारी... मला केवढं बरं वाटलं. डोळे पुसत मी खुंट्या मांडल्या. आमचा डाव बराच वेळ चालला. शेवटी माझी उडी अडली.

"चहा ठेवते हं," म्हणत मी उठले.

गंगाबाईंनी दोन्ही हात पटावर ठेवले. "ठिव. पन मी हितनं हलनार न्हाई."